उकंडाचा कोबा

आमच्याकडे उकंडा म्हणजे उकिरडा, आणि ते माणसाचं नावही असतं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, ती नवं मूल जन्मलं की क्षणभर उकिरड्यावर ठेवते. दुसरी एखादी बाई ते सुपात उचलते आणि आई पसाभर ज्वारी देऊन आपलंच मूल तिच्याकडून विकत घेते. कचऱ्यातल्या पोराकडे मरण ढुंकून पाहत नाही, अशी समजूत. तानाबाईची तीन मुलं गेली होती. चौथं तिने असं विकत घेतलं आणि ते जगलं. जगलं, मोठं झालं, आणि या नावाबद्दल त्याने आईला जन्मभर माफ केलं नाही.

पांढरकवड्याला आमच्या गल्लीत उकंडा राहायला आला तेव्हा तिशीतला होता. गावची शेती चुलतभावाला वाहायला देऊन तो सरकारी दवाखान्यात शिपाई लागला होता. काम काय, तर फरशी धुणे, बादल्या वाहणे आणि रोग्यांना रांगेत उभं करणे. पण चालणं असं, की नव्या माणसाने उठून नमस्कारच करावा. तापाने फणफणलेला शेतकरी बैलगाडीतून उतरला, तर उकंडा आधी त्याच्या पायांकडे बघे. "पाय पाह्य आपले," म्हणे, "इतकी माती घेऊन आत चालला. अथी काय पेरनी करतं?" ती माती वीस वर्षं त्याच्याही पायांना होती, हे तो नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विसरला. गल्लीत त्याला अर्धा डॉक्टर म्हणत. तोंडावर नाही, इंजेक्शनाची रांग त्याच्याच हातात होती.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, साठ सालच्या भादव्यात, त्याला मुलगी झाली. तानाबाईने सूप काढून ठेवलं होतं. उकंडाने ते उचलून छपराच्या कवेलूंवर भिरकावलं आणि मुलीचं नाव स्वतः ठेवलं: निर्मला. गल्लीला हसायला एवढं पुरे होतं. उकंड्याची निर्मला, असं म्हणून लोक वर्षभर पोट धरून हसले. आमच्या गल्लीतली अर्धी माणसं धोंड्या आणि दगड्या होती, पण त्याचं कोणाला काही वाटत नसे.

चैत्रात निर्मला पोटावर सरकू लागली. एका सकाळी ती वाकळीवरून खाली उतरली, सारवणाचा सुटलेला एक पोपडा तिने नखाने उचकटला आणि तोंडात घातला. सगळीच मुलं घालतात. पण उकंडा तेव्हा दारात चपला घालत होता आणि त्याने ते पाहिलं. बोट घालून त्याने पोपडा बाहेर काढला, तळहातावर घेतला आणि आईसमोर धरला.

"हे काय होय?"

"शेन होय," तानाबाई म्हणाली. "तुले का वाटलं, बर्फी?"

"पोट्टीच्या तोंडात शेन."

"तुह्या तोंडात गेलं नोयतं का? लय खाल्लं तू. म्हनून तं असा बोलतं."

बायको प्रभावती चुलीपाशी होती. तिला हसू आलं, ते तिने फुंकणीत घालवलं. उकंडा ताठ झाला. ह्या घरात माझी मुलगी शेणावर रांगणार नाही, असं त्याने शुद्ध भाषेत जाहीर केलं. राग आला की तो दवाखान्यातल्या डॉक्टरांसारखं बोले. त्याच दिवशी बाजारातून फिनेलचा डबा आला.

शेणाने सारवलेल्या मातीच्या भुईवर फिनेलचं पाणी बादलीने ओतलं की काय होतं, हे जाणायला डॉक्टर लागत नाही. ते ओतायला मात्र अर्धा डॉक्टर लागतो. भुई भिजली, फुगली आणि जागोजागी सुटली. घरभर काळपट चिखल झाला आणि वास असा, की शेजारच्या घरात भाकर घशाखाली उतरेना. निर्मला खोकू लागली. तानाबाई नाकाला पदर लावून अंगणात बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "आत नोका जाऊ बाप्पा. माह्या लेकानं दवाखाना आनला घरी. आता रोगी आनाले गेला."

आठ दिवसांनी रोगी नाही, ताडपत्री आली. हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवणारा पूनमसिंग दवाखान्यात पायाला पट्टी बांधायला येई. त्याच्याकडून उकंडाने ट्रकवरची जुनी ताडपत्री मागून घेतली. नदीवर नेऊन ती दगडावर आपटली, सोड्याने घासली आणि घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरली. मग हात कमरेवर ठेवून म्हणाला, "आता रांगू दे, किती रांगते थे."

निर्मला रांगली. वैशाखाचे दिवस होते. भर दुपारी कवेलूंखाली ती ताडपत्री तव्यासारखी तापली, तिच्या जुन्या डांबराला पाझर फुटला आणि पोरीचे गुडघे, तळवे आणि हनुवटी काळी झाली. तेल लावून लावून प्रभावतीचे हात दुखले. पूनमसिंग सहज डोकावला तेव्हा तो पोरीकडे बघून म्हणाला, "भाऊ, हे तर माझ्या क्लिनरसारखी दिसून राह्यली." उकंडाने त्याला दारातूनच वाटेला लावलं आणि पुढच्या वेळी पट्टीच्या रांगेत सगळ्यांत शेवटी बसवलं.

इथे एखादा माणूस थांबला असता. उकंडा थांबला नाही, कारण थांबलं तर आईचं खरं झालं असतं. त्याने कोबा करायचं ठरवलं. जुनी भुई खणून काढायची, विटांचा चुरा आणि चुना कालवून जाड थर घालायचा आणि तो लाकडी थापीने दगडासारखा घट्ट होईपर्यंत पिटायचा. गवंड्याला बोलावलं तर तो शंभर सूचना करणार, आणि दुसऱ्याची सूचना ऐकणं उकंडाच्या स्वभावात नव्हतं. वणीकडून चुन्याची गाडी आली. त्याने सुटी काढली आणि घरातली भुई कुदळीने गुडघाभर खणली. चूल अंगणात गेली, तानाबाई पोतं घेऊन पडवीत गेली आणि प्रभावती मुलीला कडेवर घेऊन उभी राहिली, कारण तिला खाली ठेवायला जागा म्हणून उरली नाही. मुलीने रांगावं म्हणून हे सगळं चाललं होतं.

चुना विरघळवायला त्याने अंगणात खड्डा केला होता. पाणी पडलं की चुना खदखदे, वाफा निघत. एकदा प्रभावती वाकून पीठ मळत होती तेवढ्यात निर्मला तिच्या मागून सरकली आणि खड्ड्याच्या काठाशी गेली. प्रभावतीने तिला पायाला धरून ओढलं. पोरीची बोटं चुन्याला लागलीच होती. ती लाल झाली आणि रात्रीपर्यंत फोड आले. खोबरेल लावून झाल्यावर प्रभावतीने गाठोडं बांधलं. ती कमी बोलणारी बाई होती. तिला आवाज नाही, असं गल्लीत समजत.

"कोठी चालली?" उकंडाने विचारलं.

"राळेगावले. माह्या मायकडे."

"भुई होऊ दे. दहा-पंधरा दिवसाचं काम आहे."

"भुई झाली का सांगाल," ती म्हणाली. "तुमचं पोट्टीसाठी असंल तं पोट्टी तिथं राह्यते. भुईसाठी असंल तं भुई इथं आहे."

सकाळच्या एस्टीने ती गेली. उकंडा तिला पोचवायलाही गेला नाही. कालवलेला चुना वाळेल, असं म्हणाला.

दहा-पंधरा दिवसांचे महिने झाले. सुटी संपली, मग तो पहाटे आणि संध्याकाळी पिटू लागला. पाऊस लागला, हवा ओली झाली आणि चुना धरेना. एक बाजू घट्ट झाली की दुसरी भेगाळे. त्याने त्यात गुळाचं पाणी घातलं, तर मुंग्यांनी वारूळ केल्यासारखी रांग लावली. त्या मुंग्यांवर त्याने फिनेल ओतलं. गल्लीतले लोक ओट्यावर बसून ही करमणूक बघत. हात लावायला एकही उठला नाही, सल्ला मात्र प्रत्येकाकडे होता. घनश्याम पानवाला तर गिऱ्हाइकाला पान देताना तिकडे बोट दाखवून म्हणे, "तो पाह्य, पोट्टी राळेगावात आन बाप इथं तिच्यासाठी रांगून राह्यला." उकंडा खरंच रांगत होता. चार पायांवर, थापी हातात, बनियन पाठीला चिकटलेला. गुडघे त्याचेच सोलले.

तानाबाई अंगणात भिजक्या लाकडांवर दोन भाकरी टाकी आणि एक त्याच्यापुढे सरकवी. "मले तू दवाखान्यातच नेऊन टाक," ती म्हणे. "तिथं तरी भुई तयार हाये."

"माय, तू गप राह्य."

"गपच हावो. पोत्यावर बसून कोन बोलतं."

दसऱ्याच्या सुमारास कोबा झाला. खरं सांगायचं तर चांगला झाला. गुळगुळीत, फिकट गुलाबी, पाणी टाकलं तर दाराकडे वाहून जाईल असा. तो पुरा होताच उकंडाने राळेगावला निरोप धाडला आणि बसच्या वेळेला इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडवर जाऊन उभा राहिला. प्रभावती उतरली. गाठोडं सावरायला तिने मुलीला खाली ठेवलं, आणि मुलगी फलाटावरून शेंगदाणेवाल्याच्या टोपलीकडे चालत गेली.

उकंडाला ते दिसलं, पण त्याने ते मानलं नाही. घरी येताच त्याने निर्मलाला उचललं, कोब्याच्या मधोमध नेलं आणि हातापायांवर ठेवलं. ती उठून उभी राहिली. त्याने तिला पुन्हा अलगद वाकवून ठेवलं. ती पुन्हा उठली आणि आजीकडे चालत गेली.

"ते चालते आता," प्रभावती म्हणाली. "पंधरवडा झाला."

"मग मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी कधी इचारलं? तुमचा निरोप आला तं चुन्याचाच आला."

"तिथं रांगली कुठं?"

"सारवलेल्या भुईवर. अजून कुठं रांगन?"

 उकंडा बाहेर जाऊन अंगणातला चुन्याचा खड्डा बुजवू लागला. तानाबाईने नातीला मांडीवर घेतलं आणि तिचे गुडघे उलटसुलट करून पाहिले. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते उकंडाला अंगणातूनही दिसत असावं, कारण त्याने मान वर केली नाही.

नंतर गल्ली कोबा बघायला आली. हसणारेच सगळे आले. घनश्यामने बोटाने टकटक करून पाहिलं आणि असा आपल्याही दुकानात पाहिजे म्हणाला. उकंडाने दारात पाण्याची बादली ठेवली होती. पाय धुतल्याशिवाय कोणाला आत घेतलं नाही. लोकांनी मुकाट्याने पाय धुतले आणि बाहेर आल्यावर तेवढ्यासाठी त्याला शिव्या दिल्या. दोन वर्षांनी मुलगा झाला. तो रांगायचा तेवढा त्या कोब्यावर रांगला, दोनदा हनुवटीवर आपटला आणि वाढला. त्याचं कौतुक करायला तोवर उकंडाचा दम संपला होता.

सहासष्ट सालच्या श्रावणात तानाबाईला ताप भरला. उतरेना. डॉक्टर घरी येऊन सुई देऊन गेले आणि बाहेर उकंडाला म्हणाले, वय झालं आहे. तानाबाईने ते ऐकलं. तिने सुनेला हाक मारली. "मले बाजीवरून खाली घ्या," ती म्हणाली. "पन दगडावर नाई. मानूस भुईवर मरते."

घरात भुई नव्हती. अंगणात तीन दिवसांची झड लागलेली, गुडघाभर पाणी. शेजारच्या बाया दारात उभ्या होत्या आणि उकंडाकडे बघत होत्या. तो बाहेर पडला आणि भिजत, शेजारच्या गोठ्यातून घमेलंभर शेण घेऊन आला. प्रभावती पुढे झाली, तर तिला त्याने बाजूला केलं. कोपऱ्यात बसून, इस्त्रीच्या बाह्या वर करून, त्या गुलाबी कोब्यावर तो स्वतः शेण सारवू लागला. जन्मात केलं नव्हतं. पाणी जास्त झालं, हात उलटा फिरला, कडेला गोळे राहिले.

तानाबाई मान वळवून बघत होती. तापात तिचे ओठ सुकले होते. "असं सारवते का कोनी," ती म्हणाली. "हे काय मांजरीनं केलं?"

"माय, तू पडून राह्य."

"हात सपाट धर. बोटं मिटव. अर्धा डॉक्टर होय म्हनते."

त्याने हात सपाट धरला. बोटं मिटवली. पुन्हा पहिल्यापासून सारवलं. शेण जरा सुकल्यावर सगळ्यांनी मिळून तिला त्या चौकोनावर निजवलं. बायांनी तोंडात पाणी घातलं, एकीने डोळे पुसायला पदरही काढला. आणि तानाबाईला घाम फुटला. सकाळी ती उठून बसली आणि चहा मागितला.

आठ दिवसांनी उकंडा कोपरा धुवायला बादली घेऊन आला, तेव्हा ती तिथेच पाय पसरून बसली होती. "हात नोको लावू," ती म्हणाली. "हे माही जागा होय. पुन्हा लागंल." तेव्हापासून दर आठवड्याला ती स्वतः तेवढा चौकोन सारवी. उकंडा बाकीच्या घराला फिनेल लावी आणि तिथे आला की फडकं वळवून घेई.

तानाबाई आणखी दोन वर्षं जगली आणि गेली ती त्याच चौकोनावर. तेरावं झाल्यावर उकंडाने तो कोपरा खरवडला, सोड्याने घासला, फिनेलने धुतला. शेणाचा हिरवट काळा डाग कोब्यात मुरला होता, तो निघाला नाही. कोणी विचारलं तर तो सांगे, चुना हलका मिळाला, वणीवाल्यांनी फसवलं.