परसातलं घासलेट

जऊळक्याला आमचं घासलेटचं दुकान होतं. एका हिवाळ्यात परसात रचलेले डबे गळले आणि घासलेट मुरून आईचा मेथीचा वाफा करपून गेला. घरात तेवढीच जागा तिच्या मर्जीची होती. रागाने तिने अर्ध्या वाफ्यावर म्हैस आणून बांधली.

वडिलांना स्वच्छतेचं वेड. वास येतो म्हणजे जंतू झाले, असं ठरवून ते फिनेलची बाटली घेऊन आले.

"म्हैस हालव."

"मंग काय तुमच्या गादीवर बांधू?"

त्यामुळे फिनेल उरलेल्या अर्ध्यातच पडलं, तेही रोज.

पुढच्या हिवाळ्यात आईने म्हैस गोठ्यात नेली आणि सगळीकडे मेथी पेरली. शेणमूत तुडवलेल्या अर्ध्यात ती छान उगवली. फिनेलचा अर्धा टकलाच राहिला. वडील येणाऱ्याजाणाऱ्याला हिरवा भाग दाखवून म्हणत, "फिनेलचा गुण पाहा! तिकडं जरा कमी पडलं."

मी तेव्हा सुट्टीत घरी होते. मातीतले काही जंतू घासलेट खाऊनच जगतात आणि शेणखताने त्यांना जोर येतो, हे मी शाळेत इंग्रजीत वाचलं होतं. आमचे हे कामकरी आम्हीच फिनेलने मारत होतो. पण वडिलांसमोर मला मराठीतही बोलता येत नसे.

ते नवी बाटली घेऊन परसात आले, तेव्हा टकल्या भागात म्हैस रवंथ करत उभी होती.

"हिला काहून इथं आणलं?"

"तिले हवा पाह्यजे," आई मेथी खुडत म्हणाली.