इन्स्पेक्शनसाठी ठेवलेलं हवेचं मशीन

माझं शेवटून दुसरं पोस्टिंग राजस्थानात होतं. ट्रेड ड्रायव्हर. दहावी काठावर पास झालो आणि शाळा सोडली ती सोडलीच. त्यानंतर जे काही शिकलो ते फौजेत शिकलो, आणि त्यातलं निम्मं एका माणसाकडून शिकलो. हवालदार महादेव वाघमोडे. अकलूजच्या बाजूचे. माझं गाव सांगोल्याकडचं. दोघांचा जिल्हा सोलापूर, त्यामुळे घरापासून हजार किलोमीटरवर ते मला जवळच्या नात्यातले वाटायचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. फौजेत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. गाडी तेवढी त्यांना चालवता येत नव्हती, बाकीचं बरंच त्यांनीच शिकवलं.

आमचं रोजचं काम साधं. ०५०० ला उठायचं, गाडीचं तेल, पाणी, हवा बघायची, ०७०० ला चौकीचं सामान घेऊन निघायचं. वाटेत वाळूचा पट्टा होता. वाळूत शिरताना टायरमधली हवा कमी करावी लागते, अठ्ठावीसवरून पंधरा पीएसआय. टायर पसरतो, गाडी वाळूवर तरंगल्यासारखी जाते. परतताना पट्टा संपला की दगडाळ माळ. तिथे पंधरावर गाडी पळवली तर टायरचा गाल दगडावर फाटतो. म्हणून हवा परत भरायची. आमच्याकडे पायानं मारायचा पंप होता. एका टायरला दीड-दोनशे पाय मारावे लागत. उन्हाळ्यात ते जिवावर यायचं.

मी सुट्टीवर निघालो तेव्हा उस्ताद म्हणाले, "सोलापुरातनं येताना हवेचं मशीन घिऊन ये की. गाडीच्या बॅटरीवर चालणारं. लई महाग नगं, पन कामाचं बग."

सोलापुरात स्पेअर पार्टच्या गल्लीत एक म्हातारे चाचा होते. त्यांनी काउंटरवर दोन मशीनं ठेवली. किंमत जवळपास सारखी. एक लोखंडी, काळं, बेढब. वायरीच्या टोकाला बॅटरीवर लावायचे दोन चिमटे. उचलायला जड. दुसरं छोटं, पांढरं, त्यावर आकड्यांची स्क्रीन, टॉर्च, चेनची पिशवी. डॅशबोर्डच्या सॉकेटमध्ये खुपसायचं.

मी पांढरं हातात घेतलं.

चाचा म्हणाले, "फौजी, गाडी कौनसी?"

"जिप्सी. रेतीत चालवायची."

"तो ये नक्को. ये दिखने कू अच्छा है. वो चलने कू अच्छा है."

"चाचा, आमच्याकडं सीओ साहेबांचं इन्स्पेक्शन हाय."

चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "टायर में हवा सीओ साब भरनेवाले क्या?"

दुकानातली माणसं हसली. मीही हसलो. पांढरंच घेतलं.

आता हे समजून घ्यायला फौजेची एक रीत सांगावी लागेल. सीओ साहेब म्हणजे युनिटचे सगळ्यांत मोठे साहेब. इन्स्पेक्शन आलं की आठ दिवस आधीपासून चुना-गेरू चालू होतो. दगडसुद्धा रंगवतात. गाडीपुढे ताडपत्री अंथरून सगळं सामान ओळीत मांडायचं, जॅक, पाना, फावडं, दोरी. मांडलेलं सामान चकचकीत दिसलं पाहिजे. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरकडे काही वस्तू वापरायच्या असतात आणि काही दाखवायच्या. मला साहेब लोकांची कायम धास्ती. कमी शिकलेला माणूस, काही चुकलं तर इंग्रजीत विचारतील, उत्तर येणार नाही. त्यामुळे माझं सामान सगळ्यांत स्वच्छ असायचं. मशीन एकदा एका मोटरसायकलच्या चाकावर चालवून बघितलं. एक मिनिटात भरलं. पुसलं, पिशवीत घातलं, चेन लावली. आतला इंग्रजी कागद वाचला नाही. वाचायला कुणाला दिलाही नाही. इन्स्पेक्शनमध्ये सीओ साहेब थांबले, म्हणाले, "व्हेरी गुड." मी महिनाभर त्यावर खुश होतो. रोज मात्र पायपंपच काढायचो.

उस्तादांनी दोनदा विचारलं. "मशीन काड की रं बाहेर."

"उस्ताद, खराब हुईल."

"व्हय, व्हय. तुज्या लग्नात रुखवतात मांडू."

मे महिना होता. त्या दिवशी आम्ही तिघं निघालो. मी, उस्ताद आणि रेडिओ ऑपरेटर मुरुगन, तमिळनाडूचा. पुढच्या चौकीचा रेडिओ सेट बंद पडला होता, तो बदलायचा होता. ०७१० ला निघालो. जातानाच एक टायर काट्यानं गेला, स्टेपनी लावली. चौकीवर सेट बसवला, १००० ला परत फिरलो. मुरुगन सकाळपासून गप्प होता. वाळूच्या मध्यावर गाडी रुतली. फावड्यानं वाळू काढून बाहेर निघायला तास गेला. तेवढ्यात मुरुगनला दोनदा उलटी झाली. मग त्याचा घाम थांबला. अंग तापलेल्या तव्यासारखं.

११४० ला वाळू संपली. पुढे बावीस किलोमीटर दगड, मग आमची पोस्ट आणि तिथली एमआय रूम. फौजेतला छोटा दवाखाना. मी उतरून टायर बघितले. तीन पंधरावर. मागचा डावा पूर्ण बसला होता. व्हॉल्व्हमध्ये वाळू अडकून हवा निघून गेली होती.

उस्ताद म्हणाले, "गाडीतला सेट लाव."

मुरुगनच्या हाताला जोर नव्हता. हँडसेट मीच घेतला.

"अल्फा फॉर ब्राव्हो, मेसेज, ओव्हर."

नुसती खरखर.

"अल्फा फॉर ब्राव्हो, कॅज्युअल्टी, ओव्हर."

खरखर. मागच्या टेकड्या सिग्नल अडवत होत्या. आम्ही १५०० पर्यंत पोचलो नाही तरच शोधायला पार्टी निघणार होती. पाणी एक जेरीकॅन, तेही अर्ध्याच्या खाली. मागे वाळू, पुढे दगड. सावली म्हणजे गाडीखालची, आणि तिथली जमीनही भाजत होती.

"मशीन काड," उस्ताद म्हणाले.

मी चेन उघडली. मशीन नवीन होतं, प्लॅस्टिकचा वाससुद्धा गेला नव्हता. इंजिन चालू ठेवून सॉकेटमध्ये लावलं. पुढच्या उजव्या टायरला जोडलं. पंधरा. सोळा. सतरा. आकडा इतका हळू चढत होता की मी स्क्रीनवरची धूळ पुसली. अठ्ठावीस नाही तर निदान चोवीस हवे होते. चोवीसला यायला तेरा मिनिटं गेली. मशीनला हात लावला तर चटका बसला. पण एक टायर झाला होता. मी लगेच दुसऱ्याला लावलं. अडीच मिनिटांत बंद पडलं. फ्यूज उडाला होता. एक जादा फ्यूज होता, तो लावला. मशीन घरघरलं, आतून जळका वास आला आणि थांबलं. परत चालू झालं नाही.

तो कागद नंतर मी एका साहेबांकडून वाचून घेतला. दहा मिनिटं चालवा, वीस मिनिटं थंड होऊ द्या, एवढंच लिहिलं होतं.

मी उभाच राहिलो. उस्तादांनी माझ्याकडे बघितलं नाही. मागून पायपंप काढला.

"पन्नास तुजं, पन्नास माजं," म्हणाले.

मागच्या डाव्यापासून सुरुवात केली. पंपाचं चामडं वाळलं होतं, निम्मी हवा बाजूनं जायची. मी पन्नास मारले, त्यांनी पन्नास मारले. तिसऱ्या पाळीनंतर माझे डोळे अंधारायला लागले. उस्ताद म्हणाले, "तू बस. मुरुगनला वारा घाल."

"उस्ताद, माजी पाळी हाय."

"पाळीचं सोड. तू डायवर हायस. तू पडलास तर गाडी कोन चालवनार? मला तर हितं बैलगाडीबी चालवता येत न्हाय." मग आवाज बदलला. "ऑर्डर है. बैठ."

मी बसलो. ग्राउंडशीटची एक बाजू गाडीला बांधली, खाली मुरुगनला घेतलं, त्याचा शर्ट भिजवला. पाणी त्याला घोट घोट पाजत होतो. उस्तादांना झाकण भरून दिलं की ते ओठ भिजवायचे आणि झाकण परत द्यायचे. "त्येला दे." मी किती वेळा उठलो ते आठवत नाही. प्रत्येक वेळी ते हातानं खाली बस म्हणून खुणवायचे. पंपाचा आवाज येत राहिला. फस्, फस्. मोजणं ते मोठ्यानं करत होते. पुढं पुढं आकडे चुकायला लागले. एकशे दहानंतर नव्वद. मी तेव्हाच उठायला पाहिजे होतं. ऑर्डर मोडायला पाहिजे होती. मी विचार केला, दमलेत.

१३५० ला तिन्ही टायर चोवीसवर आले. मी स्वतः गेज लावून बघितलं. मुरुगनला मागे झोपवला. उस्ताद चालत येऊन पुढच्या सीटवर बसले. चालताना त्यांनी बॉनेटला हात लावून तोल सावरला. त्या बॉनेटवर हात ठेवणं शक्य नव्हतं, पण त्यांनी ठेवला.

मी गाडी काढली. पहिले दहा किलोमीटर ते समोर बघत होते. मग म्हणाले, "थांब रं. फुडची डावी बग. बसल्यागत वाटतीय."

"उस्ताद, आत्ताच बगितली."

"बग म्हंतो न्हवं."

मी थांबलो, उतरलो, गेज लावलं. चोवीस. परत येऊन सांगितलं, "ठीक हाय, उस्ताद." त्यांनी मान हलवली की गाडीच्या धक्क्यानं हलली, मला सांगता येणार नाही. त्यांच्या कपाळावर घाम नव्हता.

१४३५ ला पोस्टवर पोचलो. दोघांनाही एकदमच उतरवलं. बर्फ, सलाईन, सगळं झालं. मुरुगन संध्याकाळी बोलायला लागला. हवालदार वाघमोडे १५२० ला गेले.

चौकशी झाली. कारण लिहिलं गेलं उष्माघात. मशीनबद्दल कुणी विचारलं नाही. मीच सांगितलं. मेजर साहेबांनी विचारलं, "टेस्ट किया था?"

"जिप्सी पे नहीं साब. इन्स्पेक्शन के लिए रखा था."

त्यांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाले, "जाओ."

आता पेन्शनवर सोलापुरात आहे. सर्व्हे करणाऱ्या कंपनीची चार बाय चार गाडी चालवतो, माळरानात, ओढ्यात, नदीच्या पात्रात. हौसेनं जीपगाड्या घेणारी पोरं मला विचारतात, मामा, स्वस्तातलं कुठलं मशीन घेऊ? मी सांगतो, स्क्रीन बघू नको, टॉर्च बघू नको. बॅटरीला थेट चिमट्यानं लागणारं घे. सॉकेटचा फ्यूज मोठ्या टायरचा भार सोसत नाही. मिनिटाला किती लिटर हवा देतं ते विचार, आणि न थांबता किती मिनिटं चालतं ते त्याच्याआधी विचार. नळी मागच्या चाकापर्यंत पोचते का बघ. इंजिन चालू ठेवून भर. गेज वेगळं ठेव. आणि घेतल्या दिवशी, दुपारच्या उन्हात, स्वतःच्या गाडीचे चारही टायर पंधरावर आणून परत भर. जळायचं असेल तर घरापुढे जळू दे. पोरं म्हणतात, मामा, एवढं कशाला, नवीन मशीन खराब होईल. त्यावर मला राग येतो.

उस्ताद गेल्यानंतरच्या सुट्टीत मी आधी अकलूजला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. कुठलं मशीन घ्यायला सांगितलं होतं, मी कुठलं घेतलं, का घेतलं, कसं जपून ठेवलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

संपल्यावर विचारलं, "शेवटाला काय म्हनाले?"

मला वाटलं, घरच्यांचं नाव घेतलं असं सांगावं. पण खोटं बोलता आलं नाही. "फुडची डावी बग म्हनाले. हवा बसल्यागत वाटतीय म्हनाले."

"बसली हुती का?"

"न्हाय, वहिनी. बराबर हुती."

त्यांनी बोटाचा पदर सोडला. मग म्हणाल्या, "मग त्यास्नी सांगितलंस न्हवं, बराबर हाय म्हनून?"

"व्हय. सांगितलं."

"मग झालं. बस आता. जेवून जा."

मी जेवलो. दरवर्षी मे महिन्यात एकदा जातो. मुरुगन तिकडून फोन करतो, त्याला दोन मुली आहेत, वहिनींशी तो मोडक्या हिंदीत बोलतो. चारातला एक टायर माझ्या मशीननं भरला होता. बाकीच्या तीन टायरांत माझे पाय दीडशेच्या वर नव्हते. उरलेली सगळी हवा हवालदार महादेव वाघमोडे यांनी भरली, आणि त्या हवेवर आम्ही दोघं घरी आलो.