ऑर्विल मारेशने टोपीला हात लावला नाही

झेलेनी गावात ऑर्विल मारेशला दोन कामं होती. सकाळी तो टपाल वाटायचा. मातीच्या रस्त्यांवरची एकशे ऐंशी घरं, तिथली कुत्री आणि माणसांची दुखणी त्याला तोंडपाठ होती. दुपारी अडीच वाजले की गाडी शाळेच्या मैदानाकडे वळायची. तिथे अमेरिकन फुटबॉलच्या संघाचे मुख्य कोच व्हर्नन सेडलाक होते आणि ऑर्विल त्यांचा मदतनीस. अशी सव्वीस वर्षं गेली. दरम्यान ऑर्विलची बायको लिंकन शहरात बहिणीकडे म्हणून गेली ती परत आली नाही. गावात कुणी विचारलं की तो म्हणायचा, "तिला शुक्रवारी सिनेमा बघायचा असायचा, आणि शुक्रवारी आमचा सामना."

सामन्यात त्याची जागा ठरलेली होती, कोचच्या मागे, डावीकडे, दोन पावलांवर. घड्याळात किती सेकंद उरलेत, आपले टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवायच्या सवलती, किती आणि समोरच्यांचे किती, हे त्याने डोक्यात ठेवायचं, आणि कोचने मान किंचित वळवली की सांगायचं. सेडलाक कोचचं सगळं नाव होतं ते शेवटच्या दोन मिनिटांसाठी. मागे असले तर ते दोन मिनिटं कणकेसारखी ताणायचे. चेंडू रेषेबाहेर नेऊन घड्याळ थांबवायचं, मग पुन्हा चाल, पुन्हा थांबवायचं. पुढे असले तर हाताच्या मुठीने गुडघ्यावर दोनदा थापटायचे. त्याचा अर्थ, चेंडू घ्यायचा, गुडघा टेकायचा आणि उठायचं. घड्याळ चालूच राहतं आणि समोरच्यांना हात चोळत बसण्याखेरीज काही करता येत नाही.

त्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्याच सामन्यात कोचनी मान वळवली. "किती राहिले?"

"दोन टाइमआउट, कोच."

एक चाल झाली. टाइमआउट कुणी घेतला नव्हता. कोचनी पुन्हा मान वळवली. "किती राहिले?"

"दोनच."

आणखी एक चाल झाली. "ऑर्विल, झोपलास काय रे? किती राहिले विचारतोय."

ऑर्विलने तिसऱ्यांदा दोन सांगितलं. त्याच्या मनात पाल चुकचुकली, पण सामना जिंकला आणि गावाने जेवायला नेलं, तेव्हा ती गोष्ट तिथेच राहिली.

तिसऱ्या सामन्यात कोच पंचांकडे धावत गेले आणि शिल्लक नसलेला टाइमआउट मागू लागले. पंच हसून म्हणाला, "कोच, दुकान बंद झालंय तुमचं." सगळे हसले. कोचही हसले, पण वळताना त्यांनी ऑर्विलकडे पाहिलं. अनोळखी घरात जाग आलेल्या माणसाचे असतात तसे डोळे होते ते.

त्यानंतर ऑर्विलने डेन झाब्काला कपड्यांच्या खोलीत बाजूला घेतलं. डेन संघाचा क्वार्टरबॅक होता, प्रत्येक चाल सुरू करणारा, सतरा वर्षांचा, चार शब्दांच्या जागी एक वापरणारा.

"कोच सांगतील ते करायचं," ऑर्विल म्हणाला. "पण मी टोपीला हात लावला, तर आपण मंगळवारच्या सरावात ठरवलेलं करायचं. कळलं?"

"कोचना माहीत आहे?"

"त्यांच्या डोक्याला ताप नको म्हणून."

डेनने मान हलवली.

मग झेलेनीचा संघ जिंकतच गेला. ऑर्विल कधी टोपीचा पट्टा नीट करायचा, कधी घाम पुसल्यासारखं करायचा. कोच ओरडायचे एक आणि पोरं करायची दुसरं. धान्याच्या कोठाराशेजारच्या कॅफेत शनिवारी सकाळी कोलाचे, म्हणजे खसखशीचे गोड पाव, खात म्हातारी मंडळी म्हणायची, "म्हाताऱ्याची धार बघा! वयाबरोबर वाढतेय लेकाची." कुणीतरी ऑर्विलच्या पाठीत थाप मारायचं. "आणि तू काय करतोस रे पोस्टमन? मागे उभा राहून थंडी खातोस!"

ऑर्विल कॉफी ढवळत बसायचा. खोटं जितकं नीट जमत होतं तितकी त्याला भीती वाटत होती.

ऑक्टोबरच्या अखेरीस बाहेरगावच्या सामन्याला निघाले. संघाची बस कोच स्वतः चालवायचे, तीस वर्षांपासून. दुपारचं तिरपं ऊन होतं, दोन्ही बाजूंना मक्याची कापणी चालू होती, हवेत फोलाची धूळ. पोरं कानात गाणी घालून बसली होती. नेहमीचं वळण आलं आणि गेलं. ऑर्विल पुढच्याच बाकावर होता. त्याला वाटलं, दुसऱ्या रस्त्याने नेत असतील. पण त्या बाजूला दुसरा रस्ता नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कोच शांतपणे चालवत होते, ओठ हलत होते, जणू कुणाशी बोलतायत. पुढे हमरस्त्याचा चौक होता. थांबण्याची लाल पाटी ऑर्विलला दिसली. बसचा वेग कमी झाला नाही.

"कोच," तो म्हणाला. मग ओरडला, "व्हर्नन!"

बस चौकातून तशीच पार झाली. डावीकडून मक्याने भरलेला ट्रक येत होता. त्याचा भोंगा इतका जवळून वाजला की ऑर्विलला तो छातीत जाणवला. ट्रक मागून गेला. एखाद्या हाताचं अंतर असेल, जास्त नाही. मागे दोन पोरांनी माना वर केल्या.

"हे लोक बघून चालवत नाहीत," कोच म्हणाले.

सामना जिंकला. परत येताना ऑर्विलने पोट बिघडल्याचं सोंग केलं, म्हणाला, चालवताना बरं वाटतं मला, आणि किल्ल्या मागून घेतल्या. सोमवारी तो शाळेच्या प्रमुख लिंडक्विस्ट बाईंकडे गेला. बाईंनी दार लावून घेतलं.

"तुम्ही काय म्हणताय ते मला ऐकू येतंय, ऑर्विल. पण तीस वर्षांत त्यांच्या बसला ओरखडा नाही. वाहन परवान्याची तपासणी वसंतात आहे. आता बाद फेऱ्या सुरू झाल्यात. मी त्यांना आत्ता खाली बसवलं तर गाव मला जाळील."

तिथून तो कोचच्या घरी गेला. आर्लीन, कोचची बायको, अंगणात पानं गोळा करत होती. त्याने सुरुवात करताच तिने झाडू थांबवला.

"मला सांगू नकोस. काल त्याने माझ्या बहिणीला विचारलं, तुमचे यजमान कसे आहेत. ती विधवा होऊन अकरा वर्षं झाली."

"मग आर्लीन, तुम्हीच..."

"हंगाम संपू दे. तीन आठवडे. एवढंच उरलंय त्याच्याकडे. तू आहेस ना शेजारी?"

तू आहेस ना. ऑर्विल गाडीत येऊन बसला आणि बराच वेळ त्याने किल्ली फिरवली नाही.

उपांत्यपूर्व सामना ड्राय फोर्कला होता, नव्वद मैलांवर, शनिवारी दुपारी. जातानाही ऑर्विलने किल्ल्या मागितल्या. या वेळी कोच चिडले. "माझी बस आहे. बस मुकाट." ऑर्विल पायऱ्यांजवळ उभा राहिला आणि प्रत्येक वळणाच्या आधी मोठ्याने बोलत राहिला, "आता उजवीकडे ना, कोच? इथे थांबायचं ना?" पोरं हसली. डेन मात्र हसला नाही.

आभाळ शिशासारखं होतं. वारा असा की चेंडू हवेत थरथरायचा. शेवटचं एक मिनिट आठ सेकंद उरले तेव्हा ड्राय फोर्क बावीस, झेलेनी वीस. चेंडू झेलेनीकडे, सत्तावीस यार्ड जायचे होते, एक टाइमआउट हातात. ऑर्विलच्या हिशोबात वेळ भरपूर होता. दोन छोट्या चाली, टाइमआउट, मग एक मोठी.

कोचनी मुठीने गुडघ्यावर दोनदा थापटलं.

ऑर्विलला आधी वाटलं, आपल्याला भास झाला. कोचनी पुन्हा थापटलं. चेहरा समाधानी होता, सामना खिशात घातलेल्या माणसाचा. त्यांच्या लेखी बावीस झेलेनीचे होते.

मैदानातून डेनने पाहिलं. कोचकडे नाही, ऑर्विलकडे.

ऑर्विलचा हात उचललाच होता. कोचच्या मदतीला धावायची सव्वीस वर्षांची सवय. आणि त्याच क्षणी त्याला कळलं, हा हात टोपीला लागला की आपण जिंकू, हार घालतील, आणि हा माणूस बावीस पोरांना घेऊन नव्वद मैल जाईल. पुढच्या आठवड्यात पुन्हा. सांगून कुणी ऐकलं नव्हतं. मग बघू दे सगळ्यांना. बाई प्रेक्षकांत होत्या, आर्लीन होती, कॅफेतले म्हातारे होते. बघू दे.

त्याने दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले.

डेन थांबला. खेळाडू त्याच्यावर ओरडू लागले. मग त्याने चेंडू घेतला आणि गुडघा टेकला.

प्रेक्षकांत कल्ला झाला. "घड्याळ! अरे घड्याळ बघा!" ड्राय फोर्कची पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. दोघांनी शिरस्त्राणंही सैल केली. सेकंद गळत होते, पन्नास, चाळीस. कोच टाळ्या वाजवत होते.  डेनने पुन्हा एकदा ऑर्विलकडे पाहिलं. ती नजर त्याने सोसली.

पंचवीस सेकंदांवर संघ पुन्हा तसाच दाटीने उभा राहिला, गुडघा टेकायला. डेनने चेंडू घेतला, पण वाकला नाही. दोन पावलं मागे सरला आणि उजव्या टोकाला एकटा धावत सुटलेल्या खेळाडूकडे त्याने चेंडू फेकला. अडवायला तिथे कुणी नव्हतं. टचडाउन, सहा गुण. सव्वीस-बावीस. उरलेले सेकंद ड्राय फोर्कच्या काही कामी आले नाहीत.

मैदान फुटलं. लोक कुंपणावरून उड्या मारून आत आले. "कोल्हा आहे कोल्हा! मागे असताना गुडघा टेकायला लावला, त्यांना झोपवलं आणि मारलं! असं कुणी पाहिलंय का आयुष्यात?" कोचना खांद्यांवर घेतलं. खांद्यांवरून ते सगळ्यांना हात हलवत होते आणि काय झालं ते त्यांना बिलकूल ठाऊक नव्हतं.

 ऑर्विलने सत्य मैदानात मांडलं होतं आणि गावाने त्यातून कोचची हुशारी करून टाकली होती.

तासाभराने कोच किल्ल्या वाजवत बसकडे आले. पोरं आत चढली होती, पालक गाड्यांशी उभे होते, बाईही होत्या. ऑर्विल बसच्या दारात आडवा उभा राहिला.

"सरक बाजूला."

"मी चालवतो, कोच."

"अरे, आज तरी गप बस की," कुणीतरी पालक ओरडला. "म्हाताऱ्याला मिरवू दे!"

ऑर्विलला काय करावं सुचेना. मग सुचलं, आणि ते इतकं वाईट होतं की त्याने क्षणभर डोळे मिटले. मैदानावरचा गुणफलक विझवलेला होता.

"कोच," त्याने मोठ्याने विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सामना किती-कितीने झाला?"

"हा काय प्रश्न आहे?"

"सांगा ना. कोणाशी खेळलो आपण?"

कोच हसले. मग हसू तोंडावरच राहिलं आणि मागे काही उरलं नाही. त्यांनी बसकडे पाहिलं, मैदानाकडे, आर्लीनकडे. "चौदा-तेरा," ते म्हणाले. "ओस्टरच्या पोरांशी. झाब्काने शेवटचा चेंडू नेला."

झाब्काने नेला होता खरा. डेनच्या बापाने, पंचवीस वर्षांपूर्वी.

 बसच्या खिडक्यांत पोरांचे चेहरे होते. आर्लीन पुढे आली, नवऱ्याच्या मुठीतून किल्ल्या एकेक बोट सोडवत काढून घेतल्या, आणि ऑर्विलच्या हातात देताना त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात ऑर्विलने संघ उभा केला आणि चौतीस गुणांनी हरला. कॅफेत त्याला नेहमीच्या मेजावर जागा मिळायची, पण बोलणं दुसरीकडे चालायचं. "खासगीत सांगता आलं असतं," एकजण त्याला ऐकू जाईल असं म्हणाला. खासगीत सांगितलं होतं, हे लिंडक्विस्ट बाई कुणाला म्हणाल्या नाहीत. कोचना फेब्रुवारीत आर्लीनने वृद्धांच्या घरी ठेवलं.

मे महिन्यात डेन टपाल कचेरीच्या मागे येऊन उभा राहिला. कॉलेजला जाणार होता. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हात खिशात घातलात. का?"

ऑर्विलने सगळं सांगितलं, पहिल्या सामन्यापासून. 

"म्हणजे तुम्हाला सप्टेंबरपासून माहीत होतं," शेवटी तो म्हणाला. "आणि आम्ही दर आठवड्याला त्या बसमध्ये चढत होतो."

"मी सांगितलं होतं बाईंना..."

"आम्हाला नाही सांगितलंत. मला टोपी तेवढी दाखवलीत."

ऑर्विलच्या हातात पत्रांचा गठ्ठा होता. तो त्याने उगीचच सारखा केला. डेन गाडीकडे गेला. त्या उन्हाळ्यात ऑर्विलने कोचिंग सोडल्याची चिठ्ठी शाळेला दिली. कारणाच्या रकान्यात त्याने काही लिहिलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.