आमची शाळा जळाली नव्हती

बाहत्तरच्या दुष्काळात लोहाऱ्याकडच्या आमच्या गावात सोसायटीच्या गोदामावर मी रोजंदारीनं राबलो. अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीची, मिलोची, पोती उतरून घ्यायची, कार्डं बघून धान्य वाटायचं, वहीत लिहायचं, सगळं मीच करायचो. मग तिथं कायम माणसाची जागा निघाली. अट एकच, चौथी पास. मी शिकलो दुसरीपर्यंत. पण ती जागा मिळाली असती तर बायकोचं दुष्काळी कामावर खडी फोडणं सुटलं असतं. तिच्या तळहाताचे फोड वाळायच्या आत पुन्हा फुटायचे.

आमच्याकडं तेव्हा अर्जाची एक रीतच पडली होती. अठ्ठेचाळीस साली रझाकाराच्या धामधुमीत काही गावच्या शाळांची दप्तरं जळाली होती. तेवढं धरून जो तो लिहायचा, अमुक इयत्ता पास, दाखला जळाला. दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की झालं. जे त्या वेळी जन्मलेसुद्धा नव्हते, त्यांचेही दाखले जळाले होते!

सोसायटीचा सेक्रेटरी मला म्हणाला, "भाऊ, चौथी लिवा. साक्षीला मी हाय."

"आमची शाळा जळाली न्हाय," मी म्हणालो. "पत्र्यासकट उभी हाय. रोज तिच्यावरनंच जातो मी."

अर्जात लिहिलं, दुसरी. पुढं ढोरं राखली. लिहिता-वाचता येतं, परीक्षा घ्या.

परीक्षा कोण घेतंय! जागा चेअरमनच्या साडूला गेली. सातवी पास, दाखला जळालेला. आणि शाळा कुठली, तर आमचीच. हा गडी पहिलीत माझ्या शेजारी बसायचा आणि पहिलीतूनच पळाला होता.

बायको एवढंच म्हणाली, "दोन इयत्तांनी शाळेला काय ओझं झालं असतं?"

आठवड्यात ट्रक आला. साडू पोत्यांचं चलन घेऊन माझ्यापुढं उभा. चष्मा विसरला म्हणे, जरा वाचून दे. त्याला चष्मा कधी नव्हताच. मी म्हणालो, "शाळा जळाली न्हाय, एवढं आधी सगळ्यांसमोर सांग. मग वाचतो."

त्यानं न वाचताच सही ठोकली. रिटायर होईपर्यंत तशाच ठोकल्या.

माझी गोदामावरची रोजंदारी सुटली. दुसऱ्या दिवशी मी हातोडी घेऊन खडीवर गेलो, बायकोच्या शेजारी बसलो. ती आपली हातोडी उचलून चार हात लांब सरकली. तिचा राग मला कबूल आहे. त्यांचा खोटेपणा मात्र आजही कबूल नाही. शाळेच्या दप्तरात माझ्या नावापुढं दुसरी लिहिलेली आहे. कुणीही जाऊन बघावं.