पिंजऱ्यातले बकाण

उद्यानाला झाडे मी पुरवली होती आणि त्यांत एकही खोटे नव्हते. हे आधीच सांगतो, कारण नेरच्या एका गिऱ्हाइकाने माझ्या नर्सरीत, चार माणसांसमोर, हातातली संत्र्याची कलमे खाली ठेवली. म्हणाला, "तुमचं काही खरं नाही बावा. सरकारी बागेत चंदन म्हणून बकाण देऊन आले तुम्ही."

सायकलला रोपे बांधून दारव्ह्याच्या बाजारात विकत मी इथवर आलो. भावात मी कोणाला सोडत नाही, पण जातीत फसवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच उद्यान गाठले. तिकिटाच्या खिडकीवर आधी भांडलो. माझीच झाडे पाहायला मला तिकीट कायले?

आत लोखंडी पिंजरा होता, त्याला कुलूप, शेजारी खुर्चीवर चौकीदार. पाटी होती, 'चंदन. हात लावू नये.' आणि पिंजऱ्यात बकाण, कडुनिंबाचा रानटी भाऊ, पिवळ्या फळांचे घोस लटकवून उभे. एक नवरा-बायको गजांत नाक खुपसून होते.

"येते ना वास?" नवरा म्हणाला.

"येते. पण मंद आहे," बायको म्हणाली.

मी दिलेले चंदन सापडले संडासामागे. त्याच्यासमोर 'बकाण' अशी पाटी आणि फांदीवर वाळत घातलेली पोछ्याची फडकी. पाट्या रोवणाऱ्याने दोन पाट्यांची अदलाबदल केली होती, बाकी काही नाही. मी चौकीदाराला म्हटले, "या दोन पाट्या बदलून टाक."

"पाट्यायची नोंद रजिस्टरात आहे काका. हलवता येत नाही."

"अन् झाडांची?"

"झाडायची नाही."

माझे डोके तापले. खिशात कलमाचा चाकू होता. गजांतून हात घालून मी बकाणाची ढलपी काढली आणि त्याच्या नाकाला लावली. "घे वास! आहे का हे चंदन?"

त्याने मन लावून वास घेतला. मग शिट्टी फुंकली.

उद्यानाचे साहेब आले, पंचनाम्याचा कागद आला. पंच म्हणून त्याच नवरा-बायकोला उभे केले. 'चंदनाच्या झाडास चोरीच्या उद्देशाने इजा,' असे साहेब लिहू लागले.

"साहेब, बकाण आहे ते."

साहेबांनी पेन थांबवला. "बकाण लिहू? तर तुम्ही सुटले, बकाणाले कोण विचारते. पण मग कागदावर येईल की चंदनाच्या जागी बकाण निघालं. पुरवलं कोणं? तुम्ही."

"अन् चंदन लिहिलं तर?"

"तर तुम्ही चोर. पण झाड चंदन."

असा सौदा मी जन्मात केला नव्हता. मी मधला भाव काढून पाहिला. 'चंदनाची पाटी असलेले झाड' असे लिहा म्हटले. अशी जात रजिस्टरात नाही, साहेब म्हणाले. पंच नवरा तर मला सोडायलाच तयार नव्हता. "चंदनच लिहा. आम्ही दोघांनी वास घेतला आहे."

संडासामागचे झाड दाखवावे असे ओठांवर आले होते, पण गिळले. दाखवले असते तर कागदावर दोन चंदने झाली असती आणि मी पुरवले होते एकच.

"लिहा चंदन," मी म्हटले. "पण चोरी नाही. 'वास घेण्याच्या उद्देशाने' लिहा."

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी साहेब वासावर आले. मी सही केली, शिक्का मारलेली प्रत हातात पडेपर्यंत चौकीदाराची खुर्ची सोडली नाही.

ती प्रत काच लावून नर्सरीत टांगली आणि नेरच्या गिऱ्हाइकाला बोलावणे धाडले. तो आला, चष्मा लावून त्याने दोनदा वाचले.

"म्हणजे चंदनच होतं म्हणता?"

"मी कायले म्हणू? सरकार म्हणून राह्यलं."

त्याने संत्र्याची कलमे उचलली. भाव कमी करा म्हणाला. मी केला नाही.