पाखरीच्या छातीवरची गोगलगाय

सारंगखेड्यात भाईदासआप्पांना न ओळखणारा माणूस भेटला, तर तो परगावचा समजावा. आणि आप्पांना पाहून मालकाच्या मागे दडणारा घोडा भेटला, तर तो खोडीचा समजावा. दत्तजयंतीची यात्रा भरली की लांबलांबचे शौकीन घोडे घेण्याआधी आप्पांना हाताला धरून तंबूत नेतात. आप्पा जनावराभोवती दोन फेऱ्या मारतात, ओठ वर करून दात बघतात, अंगावरचे केसांचे भोवरे बोटाने चाचपतात आणि निकाल देतात. गळ्याखाली भोवरा असला तर तो देवमण, घ्या डोळे मिटून. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलं तर पंचकल्याणी, घरात लक्ष्मी. एकच पाय पांढरा असला तर लांब राहा. आणि खोगिराखाली, स्वार बसतो तिथे भोवरा असला, तर ते जनावर मालकाला खाणार. यावर अपील नाही.

एवढा मोठा पारखी, पण त्याच्या स्वतःच्या दारात घोडा नाही. एके काळी होता. पाखरी नावाची घोडी, बारा वर्षांपूर्वी याच यात्रेत विकली. का विकली असं विचारलं तर आप्पा गुडघे दाखवायचे. त्यांची बायको मंगलाबाई मात्र वेगळंच म्हणायच्या. "घोडी गयी, पन खोड नही गयी!" यातली खोड म्हणजे आप्पांची. रस्त्याने जाणाऱ्या बैलाचे, कुत्र्याचे, एकदा तर वरातीतल्या नवरदेवाचेही पाय बघून त्यांनी मान हलवली होती.

अशा माणसाच्या हातात मे महिन्यात रोबोंच्या शर्यतीचा खेळ पडला. पुढे काय होणार?

खेळ खरं म्हणजे सुनेचा. दीपमाला हायस्कुलात विज्ञान शिकवते. सुट्टी लागल्यावर ओट्यावर बसून ती टॅबवर हा खेळ खेळायची. खेळ असा, की आपला रोबो आपणच जुळवायचा. पाय, धड, डोकं, इंजिन, रंग, सगळं आपल्या मनासारखं. मग त्याला शर्यतीत सोडायचं. शर्यत झाली की चांदण्या मिळतात आणि त्या चांदण्यांवर नवे भाग घ्यायचे. दीपमालाला जिंकायचीच हौस. "वर्गात चाळीस पोरं मन्हं आयकत नहीत, हाऊ पत्रा तरी आयकस," असं ती म्हणायची.

आप्पांनी एके दिवशी तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. चार पायांचा एक रोबो पडद्यावर धावत होता.

"हाई जनावर कोनं शे?"

"मन्हं, आप्पा."

"यान्हा मांगना पाय चुकी गयात."

दीपमाला हसली, पण तिने मागचे पाय बदलून पाहिले. आणि काय आश्चर्य, तिचा तोवर कायम तिसरा येणारा रोबो पहिला आला! झालं. आप्पा खुर्ची ओढून बसले ते बसलेच. त्या दिवशी केळीला पाणी द्यायचं राहिलं आणि मुलगा नवनीत घरभर ओरडत फिरला. कोणी लक्ष दिलं नाही.

आठवड्याभरात आप्पांचा स्वतःचा रोबो तयार झाला. तांबूस कुमैत रंग, चारही पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. नाव पाखरी. एकच अडचण होती. छातीवर देवमण पाहिजे आणि खेळात चिकटवायला होत्या कवट्या, विजा, आगीच्या ज्वाळा. घोड्याचा भोवरा खेळ बनवणाऱ्याच्या बापालाही ठाऊक नसावा. आप्पांनी दोन दिवस शोधलं. शेवटी लहान मुलांच्या चित्रांत एक गोगलगाय सापडली. तिच्या पाठीवर गोल गोल शंख. आप्पांनी ती एवढीशी केली आणि पाखरीच्या गळ्याखाली नेमकी चिकटवली.

"आते व्हयनं!" असं म्हणून त्यांनी टॅबला नमस्कार केला.

सगळ्या चांदण्या अशा नटण्यामुरडण्यात गेल्या. इंजिन मात्र खेळाने पहिल्या दिवशी फुकट दिलेलं, तेच राहिलं. आठ जणांत पाखरी सातवी यायची. तेही आठवा वाटेत बंद पडला तर, नाहीतर आठवी. आप्पांना त्याचं काही नाही. इतरांचे रोबो पुढे निघून गेले की रस्ता मोकळा होतो आणि पाखरीची चाल नीट बघता येते, असं त्यांचं मत. दीपमाला कपाळावर हात मारायची. पण हौसेला मोल नाही, आणि सासऱ्याच्या हौसेला तर नाहीच नाही.

आता या गोष्टीत व्याही येतात. दीपमालाचे वडील हेमकांतनाना तळोद्याचे. तिथे त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. हात थरथरू लागले तसं ते बंद करावं लागलं, आणि नाना घरात बसून घरच्यांना दुरुस्त करू लागले. तेव्हा लेकीनेच त्यांच्या मोबाईलमध्ये हा खेळ घालून दिला. नानांनी एक रोबो बनवला. त्याचं नाव तोफ. सगळ्या चांदण्या इंजिनात. डोकं काढून टाकलेलं, का, तर वजन कमी! रंगावर एक चांदणी खर्च करायची नाही, म्हणून तीन पाय काळे आणि बक्षिसात मिळालेला एक पाय पांढरा. दिसायला तोफ म्हणजे चुलीवरून पडलेला कुकर. पण पळायची अशी, की बाकीचे सात जण धुरातच राहायचे.

डिसेंबरात यात्रा भरली आणि नाना लेकीकडे पाव्हणे आले. दुपारी भरीत-भाकरीवर ताव मारता मारता त्यांनी टॅबवर पाखरी पाहिली, आणि त्यांना असा ठसका लागला की मंगलाबाईंनी पाठीत बुक्के मारले.

"शर्यतनी गाडीवर गोगलगाय! याही, कमाल करी तुम्ही!"

"देवमण शे तो," आप्पा गंभीरपणे म्हणाले.

"देखनी शे हो, नही म्हनत नही. पन पळाले सांगू नका तिले. आरतीनं ताट द्या आनि उभी करा दारमा!"

आप्पांचे कान लाल झाले. घोड्यावरून कोणी बोललं की त्यांचं भान सुटतं. "घोडामैदान जवळच शे, याही," ते म्हणाले. नाना याचीच वाट बघत होते. खेळात बाजी नावाचा प्रकार होता. दोघांनी पळायचं, हरणाऱ्याचा रोबो कायमचा जिंकणाऱ्याच्या तबेल्यात. दीपमाला "नका, नका" म्हणेपर्यंत दोघांनी अंगठे दाबले सुद्धा. लागली बाजी, उद्या सकाळी दहाला. आता मागे फिरायची सोय नव्हती.

नाना यात्रेत फेरफटका मारायला गेले. आप्पांनी सवयीप्रमाणे समोरच्याचं जनावर तपासायला घेतलं. तोफ पडद्यावर गोल फिरवली. डोकं नाही. एकच पाय पांढरा. आणि पाठीवर, स्वार बसतो बरोबर तिथे, इंजिन थंड करायचा गोल गोल फिरणारा पंखा.

"माय वं!" आप्पांच्या हातून टॅब सुटता सुटता राहिला. "खोगीरखाले भवरा!"

मंगलाबाई भांडी सोडून धावत आल्या. आप्पांनी त्यांना सगळा पेच सांगितला. हरलो तर पाखरी जाते. जिंकलो तर ही मालकाला खाणारी अवदसा आपल्या तबेल्यात, पाखरीच्या शेजारी उभी राहते. खेळात जिंकलेलं जनावर भेट म्हणून परत पाठवता येतं, पण समोरच्याने स्वीकारलं तरच. आणि नाना म्हणजे मुलीचा बाप. लेकीच्या घरचं पाणीही विचार करून पिणारा माणूस भेट कसली स्वीकारतोय!

"खेळ शे तो," मंगलाबाई म्हणाल्या.

"खेळमा भी खोड ती खोडच."

मंगलाबाईंनी पदराला हात पुसले आणि कमरेवर ठेवले. हे झालं की आप्पा गप्प बसतात. "पाखरीले भी तठेच भवरा व्हता," त्या म्हणाल्या. "सात वरीस बसनात तिन्हावर. खाधं का तिनी तुमले?"

खरंच होतं. पाखरी दारातच जन्मली, दारातच वाढली. तिच्या पाठीवरचा भोवरा आप्पांनी पहिल्या दिवशीच पाहिला होता आणि त्यावर कायम खोगीर ठेवलं होतं. पण एका यात्रेत कुणाला तरी तो दिसला आणि तंबूतंबूतून हशा पिकला. पारख्याच्याच दारात खोडीची घोडी! दिव्याखाली अंधार! आप्पांनी तीन दिवस ते ऐकलं, आणि चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाला भोवरा दाखवून पाखरी विकून टाकली. नावासाठी विकली. जाताना ती सारखी मागे वळून बघत होती आणि आप्पा केळीच्या गाडीआड उभे राहून लहान मुलासारखे रडत होते. गुडघे तेव्हा ठणठणीत होते.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ओट्यावर शेजारपाजार जमला. दीपमालाची पंचाईत विचारू नका. एकीकडे बाप, दुसरीकडे सासरा. ती म्हणाली, मी फक्त पंच, आणि रस्ता खेळच काढेल. खेळाने रस्ता काढला तो डोंगरातला. मध्ये लांबलचक अंधारा बोगदा, फेऱ्या तीन.

शर्यत सुटली. तोफ गोळ्यासारखी गेली आणि बोगद्यात शिरली. आतून धाड धाड आवाज आले. रोबोचा दिवा डोक्यात असतो, आणि डोकं तर नानांनी वजन कमी करायला काढून ठेवलेलं! तोफ या भिंतीवर आदळे, त्या भिंतीवर आदळे. "दिवा लावा रे कोनी!" नाना ओरडले. मागून पाखरी आली, डोक्यातला दिवा लावून, वरातीत चालावं तशी डुलत. ती बोगद्यातून बाहेर पडली आणि पुढे झाली. सपाटीवर तोफ तिला गाठायची, बोगद्यात पुन्हा भिंतींना धडका द्यायची. असं करत तिसरी फेरी आली. पाखरी पुढे, शेवटची रेघ समोर, तोफ अजून बोगद्यातच.

आणि रेघेच्या हातभर अलीकडे आप्पांनी पाखरीला थांबवलं.

ओट्यावर एकच गलका झाला. "पळवा आप्पा! काब्र उभा ऱ्हायनात?" दीपमाला पंचपण विसरून ओरडली. आप्पांचा अंगठा हवेत. पुढे गेलं की ती खोडीची तोफ घरात येणार, उद्या यात्रेत पुन्हा तंबूतंबूतून हशा. बोगद्यातून तोफ सुटली, धूर ओकत आली, जवळ आली, आणखी जवळ आली. पडद्यावर पाखरीची पाठ दिसत होती. गुळगुळीत, तांबूस, भोवरा नसलेली.

"हसू द्या लोकेसले," आप्पा मोठ्याने म्हणाले. "एकदाव बाजारमा इकी तिले. आते नही!"

आणि त्यांनी अंगठा असा दाबला की टॅब करकरला. पाखरी रेघेपार गेली. तोफ बोटभर मागे राहिली.

लोकांनी टाळ्या पिटल्या. नानांनी मात्र मोबाईलकडे पाहिलं. त्यांच्या तबेल्यात आता काहीच नव्हतं, नुसती रिकामी जागा. थरथरत्या हातांनी सहा महिने एक एक भाग जुळवून उभी केलेली तोफ गेली होती. "चांगलं व्हयनं," असं म्हणून ते हसले आणि उठून पायताण शोधू लागले. पायताण पायातच होतं. आप्पांना ते तोंड ओळखीचं वाटलं. केळीच्या गाडीआडचं होतं ते.

आप्पांनी लगेच तोफ भेट म्हणून परत पाठवली. नाना ताठ झाले. "लेकना घरनी भेट लिसू का मी? लोके काय म्हनतीन?"

लेकीचा बाप म्हणून ते बरोबरच होतं. पण आप्पा यात्रेत म्हातारे झालेले. त्यांनी घसा खाकरला आणि साऱ्या ओट्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "भेट कोन दी ऱ्हायनं? जनावर खोडीनं शे! डोकं नही, एक पाय धवळा, खोगीरखाले भवरा. खोड लपाडीसन दिधेलं जनावर मालकले परत लेवं लागस. बाजारना नियम शे!"

"खोड?" नाना कडाडले. "मन्ही तोफमा खोड? आना आठे मन्ही तोफ! नका ठेवू तुमना घर एक मिनिट!" आणि त्यांनी रागारागाने 'स्वीकारा' वर अंगठा दाबला. तोफ परत आपल्या जागी उभी राहिली. नानांनी मोबाईल छातीशी धरला, वर आणखी अर्धा तास आप्पांना शिव्या घातल्या, आणि दुपारी चार भाकरी जास्त खाल्ल्या.

संध्याकाळी निघताना ते आप्पांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "याही, डोकं कोनतं बसाडू? दिवावालं?"

ते गेल्यावर आप्पा टॅब घेऊन ओट्यावर बसले. मंगलाबाई शेजारी शेंगा फोडत होत्या. आप्पांनी पाखरीच्या छातीवरची गोगलगाय बोटाने धरली, हळूहळू सरकवत पाठीवर नेली आणि स्वार बसतो तिथे, मूळच्या जागी, नीट बसवली. या खेपेला वर खोगीर ठेवलं नाही, म्हणजे ती सगळ्यांना दिसावी.

"दख," ते म्हणाले.

मंगलाबाईंनी चष्मा वर करून पाहिलं. "हां," त्या म्हणाल्या. "आते शे ती पाखरी."