खेमसिंगचं सरळ स्टिअरिंग

मेकॅनिकची जात लुटारू, असं खेमसिंगचं ठाम मत. म्हणून आपल्या जुन्या जीपच्या डाव्या चाकाचा टाय रॉड एंड, म्हणजे चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या रॉडचं आट्यांचं टोक, त्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहून स्वतःच बदलला. जुना किती आटे आत होता, ते मोजायचं तेवढं राहिलं. मग गाडी सरळ जाई आणि स्टिअरिंग डावीकडे मान कलती करून बसे.

"नवा पार्ट हाय, बसून राह्यला," त्यानं बायकोला, नंदाबाईला समजावलं.

"पार्ट बसन हो. माणसं बसतीन का?"

बाजाराच्या दिवशी तो तांड्यातून दारव्ह्याला माणसं नेई. तांड्याचे प्रमुख, नायक धावजी, पुढच्या सीटवर बसले की तांडा मागे भरे. नायक ज्या गाडीत, तांडा त्या गाडीत. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, म्हणूनच कोणी मोडत नसे.

त्या दिवशी नायक बसले, गाडी दहा पावलं गेली.

"खेमसिंग, तू कुठी चालला?"

"दारव्ह्याले, नायक."

"आन् हे कुठी चाललं?" स्टिअरिंगकडे बोट करून नायक उतरले आणि मागं सवारीची वाट पाहत उभ्या लखीरामच्या जीपमध्ये जाऊन बसले. मागोमाग अकरा माणसं, दोन कोंबड्या.

खेमसिंगनं घरी येऊन स्टिअरिंगच उपटलं, दांड्यावरचे दोन दाते फिरवून पुन्हा सरळ बसवलं. झाली दुरुस्ती. आता इंडिकेटर वळणाच्या मध्येच बंद होई आणि डांबरावर टायर कण्हत.

नंदाबाईनं समोर उभं राहून पाहिलं. "चाकं एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राह्यले. तापाच्या पोराचा भांग पाडला तुम्ही, ताप तसाच."

ती घरातून कपाशी टोबताना ओळ सरळ धरायची दोरी घेऊन आली.

"गाडी हाय ते, वावर नोहे."

"सरळ तं सरळच असते न दोनीकडं?"

मोठ्या उपकारानं त्यानं स्टिअरिंग जुन्या दात्यांवर आणलं, सरळ धरून बांधलं. मागच्या चाकाला लावून दोरी पुढच्या चाकापर्यंत ताणली. उजवीकडे ती चाकाला पुढून-मागून सारखी लागली. डावीकडे पुढून बोटभर फट. नट ढिला करून तो रॉड फिरवत राहिला, नंदाबाई "अजून", "अजून", "बस" म्हणत राहिली. गुडघे सोलून निघाले तेव्हा कुठं खेमसिंगसाहेबांना दोरीचं म्हणणं मान्य झालं.

पुढच्या बाजाराला नायकांनी आधी खिडकीतून डोकावलं. "सरळ दिसते."

"सरळ हाय, नायक."

"फाट्यापर्यंत पाह्यतो. मंग ठरवतो."

मागं लखीराम रिकामी जीप हळूहळू आणत होता, नायक फाट्यावर उतरलेच तर माणसं उचलायला. खेमसिंगला आरशात तेवढंच दिसत होतं.

फाटा आला. बोलल्याप्रमाणे त्यानं गाडी थांबवली आणि बाजूला पाहिलं. नायकांची मान सीटवर, तोंड उघडं, घोरणं सुरू.

"नायकाले उठवू का?"

"कायले उठवतं?" मागून एक म्हातारी म्हणाली. "चाल न गुमान."